तव्यातला सूर

वाद्य हे ऐकण्यासाठी असते, हे तत्त्वतः आपण सारेच मान्य करतो. प्रत्यक्षात मात्र वाद्य आपण आधी पाहतो आणि मग ऐकतो. मिरजेचा तंबोरा अजून जुळायचा असतो, वादकाचा हात अजून खुंटीवरच असतो, तोवर भोपळ्याचा डौल आणि तबलीच्या कडेची वेलबुट्टी पाहून श्रोत्याचे मन निम्मे वळलेले असते. सरस्वतीच्या हाती चित्रकारांनी वीणा दिली, त्यात नादाइतकाच आकाराचाही वाटा असला पाहिजे. व्हायोलिनला कंबर आहे, सारंगीला छाती आहे, सतारीला मान आहे. वाद्याला देह मानण्याची आणि त्या देहावर भाळण्याची आपली रीत जुनी आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या वाद्यांना या सौंदर्याच्या मंडपात कुणी दारातही उभे करणार नाही. त्यांतले एक तव्यासारखे आहे, दुसरे पत्र्याच्या ट्रंकेसारखे, तिसरे जुन्या विजेच्या बटणांच्या काळ्या पदार्थाचे, आणि चौथे कशासारखे आहे ते पुढे यथावकाश, जरा संकोचाने, सांगावे लागणार आहे. या सर्वांचे कुलनाम स्टील गिटार. आपल्याकडे त्याच वाद्याला 'हवाईयन गिटार' म्हणतात. या वाद्यांवर त्यांच्या वादकांनी जन्मभर प्रेम केले. ते कुरूपपणाकडे काणाडोळा करून केले, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो पटत नाही. ज्या भागामुळे हे वाद्य विद्रूप दिसते, पुष्कळदा त्याच भागातून त्याचा आवाज येतो, आणि वादकाला हे पक्के ठाऊक असते. चोखोबांच्या उसाची गोष्ट वेगळी होती. तेथे वाकडेपणाचा आणि रसाचा काही संबंध नव्हता. येथे तो आहे.

नावापासूनच गैरसमज सुरू होतो. 'स्टील' हे विशेषण गिटारीच्या देहाला नाही आणि तारांनाही नाही. ते वादकाच्या डाव्या हातातील पोलादी कांडीला आहे. नेहमीच्या गिटारीत डाव्या हाताची बोटे तार पडद्यावर दाबतात. येथे वाद्य मांडीवर आडवे ठेवलेले असते, तारा पडद्यांपासून चांगल्या उंच उचललेल्या असतात आणि वादक ती गुळगुळीत कांडी तारांना नुसती टेकवून सरकवत नेतो. तार कोठेच दाबली जात नसल्याने एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधला एक कणही सांडत नाही. आपल्या विचित्र वीणेत काचेच्या बट्ट्याने हेच साधतात. दक्षिणेतील गोट्टुवाद्यमचे तत्त्वही हेच. म्हणूनच ज्याच्या कानात मींड मुरली आहे त्याला हे वाद्य प्रथम ऐकतानाही परके वाटत नाही.

वाद्याचा जन्म पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर झाला. एकोणिसाव्या शतकात गुरे राखण्यासाठी आलेल्या मेक्सिकन घोडेस्वारांबरोबर तेथे गिटार पोहोचली आणि हवाई लोकांनी तिच्या तारा सैल करून आपल्याला रुचतील तशा लावून घेतल्या. १८७४ साली ओआहू बेटावर लाये या गावी जन्मलेला जोसेफ केकूकू हा मुलगा शाळकरी वयात तारांवर लोखंड सरकवू लागला. तो रुळाजवळ सापडलेला बोल्ट होता असे सांगतात, आणि पुढे शाळेच्या कारखान्यात त्याने नीट कांडी घडवून घेतली. वाद्याच्या शोधाचे श्रेय त्याला दिले जाते. तथापि हिंदुस्थानात जन्मलेला गॅब्रिएल डेव्हियन नावाचा एक तरुण त्याच सुमारास हवाईमध्ये असेच वाजवीत असे, हेही तिकडे सांगितले जाते. एवढ्यावरून आपल्याकडील अभिमानी मंडळींनी विचित्र वीणेचा झेंडा हवाईवर रोवण्याची घाई करू नये; एका धाग्याचे धोतर होत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे एक गोष्ट नोंदवून पुढे जातो. १८९३ साली हवाईच्या राणी लिलिउओकलानी यांचे राज्य उलथवण्यात आले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे खालसा केली. केकूकू १९०४ साली अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला, पुढे युरोपभर वाजवत हिंडला आणि १९३२ मध्ये न्यू जर्सी राज्यात वारला. मध्यंतरी १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरले. तेथील हवाईच्या मंडपातल्या संगीताने अमेरिकनांना असे वेड लावले, की पुढच्याच वर्षी हवाईयन ध्वनिमुद्रिकांचा तडाखेबंद खप झाला. ज्यांचे राज्य गेले त्यांचे वाद्य, ज्यांनी ते घेतले त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसले. ते बसले खरे, पण त्याचा आवाज पुरेना. कुरूपतेची कहाणी येथून सुरू होते.

त्या काळी ध्वनिक्षेपकाची सोय नव्हती. नाट्यगृहातल्या पितळी तुताऱ्यांपुढे आणि ढोलांपुढे मांडीवरची लाकडी गिटार म्हणजे लग्नाच्या वरातीत कुजबुज. जॉर्ज बीचम नावाचा एक रंगमंचावरचा स्टील गिटारवादक या दुःखाने गांजलेला होता. त्याने लॉस एंजेलिसचा वाद्यकारागीर जॉन डोप्येरा याला गाठले. डोप्येराने गिटारीच्या पोटात पातळ अॅल्युमिनियमचे, सुमारे सहा-सहा इंच व्यासाचे तीन शंकू बसवले आणि घोडीचा भार त्यांच्यावर दिला. तार हलली की शंकू हलतात आणि ग्रामोफोनच्या पडद्यासारखा आवाज बाहेर फेकतात. देह लाकडाचा न करता धातूचा केला. १९२७ च्या सुमारास 'नॅशनल' या नावाने हे वाद्य बाजारात आले. महागडा नमुना जर्मन सिल्व्हरचा असे. (या धातूत चांदी औषधालाही नसते, तांबे, निकेल आणि जस्त एवढेच असते.) तो नमुना तसा देखणा होता हे कबूल केले पाहिजे. पण जाळ्या, भोके आणि चकचकीत पत्रा पाहून मला तरी नव्या भांड्यांच्या दुकानाची आठवण होते.

खरी गंमत त्याच्या गरीब भावंडाची. १९३० च्या सुमारास, आर्थिक मंदीच्या दिवसांत, 'ड्युओलियन' नावाचा स्वस्त नमुना निघाला. पोटात तीनऐवजी साडेनऊ इंचांचा एकच शंकू आणि देह साध्या पोलादी पत्र्याचा. त्यावरचा रंग असा, की वाळताना त्याचे खडबडीत स्फटिक उमटत. वसतिगृहात कॉटखाली सरकवलेली आपली ट्रंक डोळ्यांसमोर आणावी, म्हणजे वेगळे वर्णन नको. मिसिसिपीकडील कृष्णवर्णीय गायकांनी ही जातीची वाद्ये उचलली. ते ती मांडीवर न घेता छातीशी धरीत आणि कांडीऐवजी करंगळीत नळी किंवा बाटलीचा गळा घालून वाजवीत. त्यांतला बुका व्हाइट हा तर नॅशनलवर तुटून पडे. पत्र्याला लाकडासारखा मुलामा नाही, मार्दव नाही. स्वर निघतो तो थोडा किनरा, थोडा खणखणीत आणि लवकर विझणारा. तुरुंगातून आलेल्या, शेतमजुरी केलेल्या माणसाच्या आवाजाला तोच जुळला. बुका व्हाइटचा धाकटा नातेवाईक बी. बी. किंग. त्याला ती नळी काही साधेना, म्हणून तो नुसत्या बोटाने तार थरथरवून तो आवाज शोधू लागला, आणि त्या थरथरीवर पुढे जगभर लोक लुब्ध झाले. तिच्या मागे पत्र्याची ट्रंक आहे हे फार थोड्यांना माहीत असते.

बीचमचे आणि डोप्येराचे पुढे बिनसले. बीचमच्या डोक्यात आता वीज शिरली होती. शंकू नको, पोकळ पोट नको. तारेच्या कंपनाचा विद्युत्प्रवाह करावा आणि तो प्रवाह मोठा करून कर्ण्यातून सोडावा, ही ती कल्पना. १९३१ साली लाकडात नमुना झाला आणि १९३२ पासून अॅडॉल्फ रिकनबॅकर याच्या भागीदारीत अॅल्युमिनियमच्या ओतीव गिटारी तयार होऊ लागल्या. लहानसा गोल देह आणि त्यातून निघालेली लांब मान, सगळे एकाच ओतकामाचे. लोकांनी तिला पाहताक्षणी नाव दिले 'फ्राइंग पॅन', म्हणजे दांड्याचा तवा. कारखान्याने ठेवलेले ए-२२ हे नाव आता जाणकारांखेरीज कुणी घेत नाही. बाजारात टिकून राहिलेली पहिली विजेची गिटार ती हीच. आज घराघरांतल्या मुलांच्या गळ्यात ज्या रंगीत, टोकदार, झळझळीत गिटारी लटकतात, त्या सर्वांची आजी म्हणजे हा तवा.

पेटंटच्या कचेरीला मात्र ही गिटार आहे की विजेचे उपकरण आहे, आणि असले काही खरोखर वाजते काय, याचा उलगडा होईना. शेवटी सोल होओपिई आदी वादकांना वॉशिंग्टनला पाठवून अधिकाऱ्यांसमोर वाजवून दाखवावे लागले, अशी हकीकत आहे. होओपिई हा होनोलुलूचा. पोरवयात जहाजात लपून अमेरिकेस आल्याची त्याची कथा आहे, आणि चपळाईत त्याचा हात धरणारा त्या पिढीत कुणी नव्हता. कचेरीतल्या मेजाशी बसून, हातातल्या तव्यातून तो जेव्हा मींड काढू लागला असेल तेव्हा साहेबमंडळींच्या चेहऱ्यांवर काय उमटले असेल, याची कल्पना करण्याचा मोह मला आवरत नाही. पेटंट मिळाले ते १९३७ च्या ऑगस्टमध्ये. तोवर इतरांनीही आपापल्या विजेच्या गिटारी दुकानांत मांडल्या होत्या. बीचम १९४१ साली वारला.

तव्यात एक खोट होती. उष्णतेने अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. रंगमंचावरील दिव्यांखाली मान वाढे आणि तारांचा मेळ बिघडे. म्हणून १९३५ च्या सुमारास बेकेलाइटची गिटार आली. बेकेलाइट म्हणजे आपल्या जुन्या घरांतली काळी बटणे आणि काळे टेलिफोन ज्याचे असत तो पदार्थ. ही गिटार काळी, ठेंगणी आणि आकाराच्या मानाने भलतीच जड. मांडीवर घेतली की पाय बधिर होतो आणि हातून पडली तर तिचे तुकडे होतात. पण या जडपणातच मर्म आहे. तारेची शक्ती लाकडी देहाला हलवण्यात खर्च होते. म्हणून लाकडी गिटारीचा स्वर मोकळा उमटतो आणि लवकर मावळतो. देह जर दगडासारखा निश्चल असेल, तर ती शक्ती तारेतच कोंडून राहते. स्वर लांबतो आणि कांडी सावकाश सरकवायला वेळ मिळतो. मींड घेणाऱ्याला यापरते काय हवे?

याहूनही कुरूप एक अवयव तव्यावर आणि या काळ्या गिटारीवर आहे. तारांखाली विजेचे वेटोळे असते आणि घोड्याच्या नालाच्या आकाराचे दोन लोहचुंबक तारांच्या वरून, पुलासारखे, आडवे आलेले असतात. उजवा हात जेथे वाजवायचा, नेमका तेथेच हा अडसर. हाताच्या कडेने तार बंद करायची तर तो आडवा येतो. युद्धापूर्वी हा नाल दीड इंच रुंद होता; युद्धानंतर कारखान्याने तो सव्वा इंचाचा केला. हाताला थोडी जागा झाली, रूपही किंचित सुधारले. आणि जाणकार वादक शोधू लागले ती दीड इंचवाली जुनी! त्यांचे म्हणणे असे, की रुंद नालाखालचा स्वर अधिक भरीव आणि गोल असतो. माझा कान इतका तयार नाही. ध्वनिमुद्रणे शेजारी-शेजारी लावून ऐकली तेव्हा मला फरक वाटला, पण शपथेवर सांगणार नाही. पाव इंच कुरूपता कमी झाली म्हणून हळहळणारी माणसे मात्र मला फार आवडतात.

या माणसांचे प्रेम नुसते नादाचेही नाही. ते अंतराचे आहे. नेहमीच्या गिटारीत बोट पडद्याच्या थोडे मागे पडले तरी पडदा चूक सावरून घेतो. स्टील गिटारीत पडदे म्हणजे नुसत्या रेघा. कांडी रेघेच्या बरोबर वर आली तर सूर, केसभर इकडेतिकडे झाली तर बेसूर. आता हिशोब पाहा. ए-२२ च्या मोकळ्या तारेची लांबी साडेबावीस इंच, तर तिच्याच थोरल्या बहिणीची पंचवीस इंच. पहिल्या वाद्यावर वरचा षड्ज सव्वा अकरा इंचांवर येतो, दुसऱ्यावर साडेबारा इंचांवर. एका वाद्यावर मुरलेला हात दुसऱ्यावर गेला की तेथे इंचापेक्षा जास्त चुकतो. म्हणून हा वादक सारा वेळ मान खाली घालून वाद्याकडे पाहत असतो. श्रोत्यांना ते धड दिसतही नाही; त्याचा तोंडवळा छताकडे असतो. त्याचा कुरूपपणा, त्यावरचा एकूण एक ओरखडा, रोज पाहणारा एकटा वादकच. कुणी असे समजू नये की त्याला ते दिसत नाही.

अशा वादकांत जेरी बर्ड याचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९२० साली ओहायो राज्यात लायमा या गावी त्याचा जन्म झाला. मुलगा असताना गावात आलेल्या हवाईयन तंबूच्या खेळात त्याने हे वाद्य ऐकले आणि तो त्याचाच झाला. हँक विल्यम्सच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणांत त्याची गिटार आहे. नॅशव्हिलमध्ये जेव्हा पायाच्या खटक्यांची नवी स्टील गिटार आली आणि सगळे तिच्यामागे धावले, तेव्हा हा आपल्या साध्या गिटारीवरच राहिला. काळ्या बेकेलाइटच्या रिकनबॅकरशी त्याचे नाव कायमचे जोडलेले आहे. १९७२ साली तो होनोलुलूला राहायला गेला. तेथे पाहतो तो हवाईतल्या तरुण मुलांनी हे वाद्य जवळजवळ टाकून दिलेले. मग ओहायोच्या या गोऱ्या माणसाने हवाईच्या मुलांना त्यांचेच वाद्य शिकवले. २००५ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या शिष्यांची एक पिढी तेथे उभी होती. परत केलेल्या ठेवीची इतकी नीट गोष्ट मला संगीताच्या इतिहासात दुसरी आठवत नाही.

आता चौथ्या गिटारीकडे वळतो. हवाईयन संगीताच्या वेडात अमेरिकेत घरोघर शिकवण्या सुरू झाल्या. मुलांना परवडावी अशी विजेची गिटार म्हणजे एक फळी, सहा तारा आणि एक चुंबक. फळीचे ओबडधोबड लाकूड झाकण्यासाठी तिच्यावर मोत्याच्या शिंपल्याची नक्कल केलेला प्लास्टिकचा तागा चिकटवीत. अकॉर्डियनवर तो आपण पाहिला आहे. दुर्दैवाने हाच तागा शौचकूपाच्या बैठकीवरही बसवीत असत! खऱ्या शिंपल्याला इंग्रजीत मोत्याची माता म्हणतात. अमेरिकन वादकांनी त्यातला मोती काढला आणि त्या जागी शौचकूपाची बैठक घातली. हे टोपणनाव तेथे इतके रूढ आहे की जाहिरातीतही त्याची आद्याक्षरे छापतात. एवढी थट्टा होऊनही त्या फळ्या अजून वाजताहेत. त्यांतले चुंबक इतके सुरेख, की राय कूडर या थोर वादकाने अशाच एका स्वस्त लॅप स्टीलचे चुंबक काढून आपल्या उंची गिटारीत बसवले. लिओ फेंडर यानेही धंद्याची सुरुवात अशाच गिटारींनी केली. १९४५ च्या सुमारास तो आणि त्याचा भागीदार डॉक कॉफमन त्यांना करड्या, सुरकुत्यांच्या रंगाचा हात देत आणि तो रंग घरच्या भट्टीत भाजून काढीत असे सांगतात. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या त्याच्या टेलिकास्टरच्या चुंबकाचे मूळ या मांडीवरच्या गिटारींत आहे. २०२३ साली वारलेला डेव्हिड लिंडली तर आयुष्यभर कॅटलॉगातली स्वस्त आणि वेडीवाकडी वाद्ये हौसेने वाजवीत राहिला. त्याच्या हातातली लॅप स्टील ऐकावी आणि मग तिचे छायाचित्र पाहावे. उलट क्रमाने करू नये.

स्वस्तपणाचे एक फळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या देवळांत आले. १९३० नंतरच्या दशकात फिलाडेल्फियात ट्रोमन ईसन हा तरुण आकाशवाणीवर एका हवाईयन वादकाला ऐकून त्याच्याकडे शिकायला गेला. त्याचा धाकटा भाऊ विली याने तेच वाद्य 'हाउस ऑफ गॉड' या पंथाच्या प्रार्थनेत नेले. ऑर्गन विकत घेण्याची ऐपत ज्या लहान देवळांना नव्हती, तेथे ही मांडीवरची गिटार पुढे झाली. विली बहुधा एकाच तारेवर गात्याचा आवाज हुबेहूब काढी. कण्हणे, आर्जव, हुंदका, सारे. आपल्या कीर्तनात बुवांच्या मागे झिलकरी जे करतात, ते तेथे गिटार करते, आणि मंडळी उभी राहून डोलू लागतात. साठ वर्षे ही परंपरा देवळांच्या भिंतींआड राहिली. १९९० नंतरच्या ध्वनिमुद्रणांनी ती बाहेर आणली. आता तेथेही पायाच्या खटक्यांची गिटार आली आहे. तिच्याबद्दल फार लिहीत नाही. ती आहे शिंप्याच्या मशीनसारखी: चार पायांवरचे टेबल, वर दहा तारा, खाली खटके, गुडघ्यांना दांडे. १९५४ साली वेब पिअर्सच्या एका लोकप्रिय गाण्यात बड आयझॅक्सने स्वर वाजत असताना खटका दाबून तारेचा सूर बदलला, आणि त्या एका क्षणाने अमेरिकेचे ग्रामीण संगीत बदलले. थोर वाद्य आहे, पण ते माझ्या जिव्हाळ्याचे नाही.

हिंदुस्थानात हे वाद्य आणले ते फिरत्या हवाईयन मंडळ्यांनी. ताऊ मोए हा सामोआत जन्मलेला वादक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंबासह कलकत्त्याला राहिला आणि त्याने तेथे शिकवले. कलकत्त्याच्या गार्नी निस याने ध्वनिमुद्रिका काढल्या. मग बंगाली मध्यमवर्गाने हे वाद्य असे उचलले की हार्मोनियमच्या बरोबरीने ते घरांत दिसू लागले. काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध, बटुक नंदी, सुनील गांगुली यांनी गीतांच्या चाली त्यावर घरोघर पोहोचवल्या. मुंबईत व्हॅन शिप्ले यांची आठ तारांची विजेची गिटार गाजली. हजारा सिंग यांनीही चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका वाजवल्या. पण ही भाग्यवान नावे. मूळ चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायकाचे, संगीतकाराचे, कवीचे नाव छापत; कडव्यांच्या मध्ये ज्याची गिटार दोन ओळी रडून गेली, त्याचे नाव छापण्याची पद्धत नव्हती.

अशाच एका बिननावाच्या वादकाकडे मी शिकतो. त्यांना आम्ही काका म्हणतो. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात त्यांनी तीसएक वर्षे वाजवले. त्यांची गिटार प्लायवूडची आहे. घोडीखाली पोट बसले आहे, विजेचे चुंबक चिकटपट्टीने धरले आहे, आणि तारा उंच करण्यासाठी गळ्याशी जी पट्टी लागते ती त्यांनी सायकलच्या दुकानातून लोखंड घासून आणली आहे. मध्यंतरी मुलाने नवी घेऊन देतो म्हणून त्यांना दुकानात नेले. दुकानदाराने जुनी बदल्यात घेण्याचे सोडाच, ती हातात धरूनही पाहिली नाही. नवी दिसायला फार सुबक होती. काकांनी ती मांडीवर घेतली, वरच्या षड्जावर कांडी ठेवली, आणि पुन्हा खाली ठेवली. घरी आल्यावर मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अरे, तिच्यावर 'सा' भलतीकडेच राहतो." मी नंतर फूटपट्टीने मोजले. काकांच्या गिटारीची तार नव्या गिटारीपेक्षा पाऊण इंच आखूड आहे.

शास्त्रीय संगीतवाल्यांनी या वाद्याला बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवले, आणि त्यातही रूपाचा भाग होताच. ज्याला भोपळा नाही, ज्याचा पूर्वज पुराणात नाही, त्याला बैठकीवर घ्यायचे कसे? जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांनी हे दार उघडले. उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांनी नक्षीची किंवा भोपळ्याची सोय पाहिली नाही. परदेशी गिटारच मांडीवर घेतली, तारा उंच केल्या, षड्ज-पंचमासाठी जास्तीची तार लावली, आणि आलाप सुरू केला. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह निघालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत त्यांची गिटार आहे. ती ऐकताना हे परदेशी वाद्य आहे याची आठवण मला दर वेळी उशिरा होते. काब्रा २०१८ साली गेले.

त्यांच्यानंतर जयपूरचे विश्वमोहन भट्ट. त्यांना सरोद-सतारीसारखी तरफ हवी होती. गिटारीत तरफेला जागा नाही, म्हणून त्यांनी मानेच्या कडेला लाकडाची एक लांब पट्टी जोडून तिच्यावर खुंट्या ठोकल्या. गिटारीचा मुळातला नेटका आकार त्यामुळे साफ बिघडला. शिडाच्या होडीला कुणी फळी ठोकावी तशी ती पट्टी दिसते. वाद्याला त्यांनी मोहनवीणा हे नाव दिले. १९९२ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे एका प्रार्थनागृहात ते आणि राय कूडर प्रथमच एकत्र बसले आणि पूर्वतयारी न करता वाजवले. त्या ध्वनिमुद्रणाला १९९४ चे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आता तरुण वादकांसाठी मोहनवीणा नव्याने, चांगल्या लाकडाच्या, उत्तम पॉलिशच्या घडवतात. त्यांवरही ती पट्टी आहेच. तरफेच्या बारा तारांना बारा खुंट्या लागतात, आणि त्या कुठेतरी बसवाव्याच लागतात.